स्वातंत्र्यदिनाचं इंटरॅक्टिव्ह वेबपेज : नकाशा, कालरेषा, फोटो... गावातल्या मोबाईलवर चालेल असं कसं बनवतात? वाचा सविस्तर

१५ ऑगस्ट जवळ आला की बातम्यांच्या वेबसाइटवर नेहमीपेक्षा वेगळं एक पेज दिसू लागतं. जिल्ह्याचा नकाशा असतो, आपल्या तालुक्यावर बोट ठेवलं की तिथल्या स्वातंत्र्यलढ्याची माहिती उघडते. खाली सरकत गेलं की १८५७ पासूनची वर्षं पुढे जातात. शेवटी दहा प्रश्नांची प्रश्नमंजुषा आणि गावातल्या झेंडावंदनाचा फोटो पाठवायची सोय असते. याला इंटरॅक्टिव्ह पेज म्हणतात. वाचक नुसता वाचत नाही, तो पेजला काही विचारतो आणि पेज त्याला उत्तर देतं.

हे काम आता फक्त मोठ्या वृत्तपत्रांचं राहिलेलं नाही. तालुक्याचा वार्ताहर, शाळेतले संगणकाचे सर, कॉलेजातली दोन-तीन पोरं मिळूनही असं पेज तयार करू शकतात. साधनं बहुतेक फुकट आहेत. खरी मेहनत लागते ती माहिती गोळा करायला, तपासायला आणि पेज कमी रेंजमध्ये उघडेल इतकं हलकं ठेवायला.

सुरुवात कुठून झाली?

डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने 'स्नो फॉल' नावाची हिमस्खलनावरची बातमी प्रसिद्ध केली. मजकूर, व्हिडिओ आणि हलते नकाशे एकाच पानात गुंफलेले होते. २०१३ साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि जगभरच्या वृत्तसंस्था या पद्धतीकडे वळल्या.

आपल्याकडे राष्ट्रीय उत्सवासाठी याचा सर्वांत मोठा वापर 'आझादी का अमृत महोत्सवा'त झाला. दांडी यात्रेच्या तारखेला, १२ मार्च २०२१ रोजी, साबरमतीहून त्याची सुरुवात झाली आणि १५ ऑगस्ट २०२३ पर्यंत तो चालला. या काळात तीन वेगवेगळे प्रयोग लोकांनी पाहिले.

पहिला, २०२१ चा 'राष्ट्रगान' उपक्रम. राष्ट्रगीत म्हणतानाचा व्हिडिओ स्वतः रेकॉर्ड करून अपलोड करायचा. केंद्र सरकारच्या माहितीनुसार दीड कोटीहून जास्त व्हिडिओ आले.

दुसरा, त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाने स्वातंत्र्यदिनासाठी वेगळी वेबसाइट काढली. तीवर लाल किल्ल्यावरचा सोहळा ३६० अंशांत, म्हणजे चारही बाजूंना नजर फिरवून पाहण्याची सोय होती.

तिसरा, १३ ते १५ ऑगस्ट २०२२ ची 'हर घर तिरंगा' मोहीम. वेबसाइटवर आपलं ठिकाण निवडून नकाशावर झेंड्याची पिन लावायची, सेल्फी टाकायचा आणि नावाचं प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. सहा कोटींहून जास्त सेल्फी आल्याचं सरकारने जाहीर केलं.

तिन्हींमध्ये लोकांना सर्वांत सोपी कोणती वाटली, तर तिसरी. पायऱ्या तीन-चारच, आणि शेवटी हातात काहीतरी मिळतं. जिल्ह्याच्या पातळीवर पेज करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वाचकाला जास्त बटणं नको असतात. त्याला स्वतःचं गाव दिसायला हवं असतं.

आधी यादी, मग वेबसाइट

इंटरॅक्टिव्ह पेजचा पाया म्हणजे एक साधी एक्सेल शीट. एका ओळीत एक घटना किंवा एक व्यक्ती. रकाने असे : नाव, गाव, तालुका, तारीख, काय घडलं, माहिती कुठून मिळाली आणि कोणी तपासली. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण टाळतात आणि पुढे तिथेच अडकतात.

माहिती मिळण्याची ठिकाणं जवळच असतात. जिल्हा गॅझेटिअर ऑनलाइन वाचता येतात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेचा १८५७ ते १९४७ या काळातील हुतात्म्यांचा कोश पाच खंडांत आहे, त्यात महाराष्ट्राचा समावेश आहे. अनेक तालुक्यांत हुतात्मा स्मारकं आहेत, त्यावर नावं कोरलेली आहेत. २०२३ च्या 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले, त्यांवरही स्थानिक वीरांची नावं आहेत.

अडचण अशी, की एकच नाव चार ठिकाणी चार प्रकारे लिहिलेलं सापडतं. आडनाव बदलतं, वडिलांचं नाव गळतं. अशा वेळी अंदाजाने एक नाव टाकू नये. पेजवर एकदा चढलेलं चुकीचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवरून शाळेच्या भाषणात जातं, तिथून पुढच्या वर्षीच्या फलकावर. घरच्या माणसांना याचं वाईट वाटतं आणि दुरुस्ती करायला मग कोणी सापडत नाही. १५ ऑगस्टला ग्रामसभा घेण्याची पद्धत आहे. गावाची यादी तिथे वाचून दाखवली तर जुनी माणसं जागच्या जागी चूक सांगतात. पहिल्या वर्षी अर्धवट यादी टाकून, ग्रामसभेनंतर ती पूर्ण केली तरी चालतं.

गावांच्या नावांचाही घोळ असतो. वडगाव, पिंपळगाव, पिंप्री अशी नावं एकाच जिल्ह्यात चार-पाच वेळा येतात. म्हणून प्रत्येक गावापुढे सरकारी कोड लिहावा. केंद्राच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'त प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला स्वतंत्र कोड आहे. नाव चुकलं तरी कोडवरून गाव ओळखता येतं.

सगळीकडे १५ ऑगस्टच नाही

एकच साचा सगळ्या जिल्ह्यांना लावला की इतिहास चुकतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे स्वातंत्र्य उगवलं १७ सप्टेंबर १९४८ ला, तोच मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ रोजी. शेजारच्या गोव्याची मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची. नांदेड किंवा धाराशिवच्या पेजवर कालरेषा १५ ऑगस्ट १९४७ ला थांबवली, तर तिथल्या लोकांचा खरा लढा पेजच्या बाहेर राहतो. कालरेषा कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, हे तालुका पाहून ठरवावं लागतं.

कालरेषा आणि नकाशा एकत्र का हवेत?

एक उदाहरण पाहा. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार व त्याचे साथीदार हुतात्मा झाले. त्याच दिवशी सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपुरात तेच घडलं. तीन वेगळ्या बातम्या म्हणून वाचताना हा धागा हाती लागत नाही. नकाशावर तारखेप्रमाणे ठिपके पेटत गेले की 'चले जाव' आंदोलन त्या आठवड्यात कसं पसरलं होतं, ते शाळकरी मुलालाही कळतं.

इथे आणखी एक बारकावा आहे. वडूजच्या मोर्चात वडगाव जयराम स्वामी इथले लोक चालून आले होते. चिरनेरच्या २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहातही आसपासच्या गावांतली माणसं होती. नकाशावर फक्त घटनेचं ठिकाण दाखवलं तर ज्या गावाने माणसं गमावली ते गाव कोरंच दिसतं. म्हणून शीटमध्ये 'घटना कुठे घडली' आणि 'व्यक्ती कुठली' असे दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि नकाशावर दोन्ही दाखवावेत.

कालरेषेसाठी 'टाइमलाइनजेएस' हे मोफत साधन चांगलं. गूगल शीटमध्ये तारीख, मजकूर आणि फोटोची लिंक भरली की कालरेषा तयार होते. कोडिंग यायलाच हवं असं नाही. नकाशासाठी 'लीफलेट' ही हलकी आणि मोफत लायब्ररी जगभर वापरली जाते.

नकाशा टाकताना कायदा लक्षात ठेवा

१९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशी सेवांच्या फुकट नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा अनेकदा वेगळी दिसते. पेज आपल्या जिल्ह्याचं असलं तरी वाचकाने दोन बोटांनी नकाशा लहान केला की सगळा देश पडद्यावर येतो आणि चुकीची सीमाही येते.

यावर सोपा उपाय आहे. लीफलेटमध्ये नकाशा किती लहान करता येईल आणि कुठपर्यंत सरकवता येईल, याला मर्यादा घालता येते. ती जिल्ह्यापुरती ठेवावी. देशाचा नकाशा हवाच असेल तर सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्यावा. 'ओपनस्ट्रीटमॅप'चा नकाशा वापरल्यास त्यांचं नाव कोपऱ्यात देणं बंधनकारक आहे. फक्त तालुक्याच्या हद्दी दाखवायच्या असतील तर एक साधं एसव्हीजी चित्र पुरतं. ते हलकं असतं आणि फाटत नाही.

तिरंगा स्क्रीनवरही तिरंगाच

१९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यात 'राष्ट्रध्वज' या शब्दात ध्वजाचं चित्र, फोटो आणि इतर दृश्य रूपही येतं. त्यामुळे वेबपेजवरच्या तिरंग्यालाही तोच मान द्यावा लागतो. काही नेहमीच्या चुका अशा :

ध्वजाचं प्रमाण ३:२ असतं आणि अशोकचक्राला २४ आरे. मोबाईलच्या उभ्या पडद्यावर चित्र ताणलं गेलं की चक्र लंबगोल होतं. चित्राची रुंदी-उंची एकत्रच बदलेल अशी सेटिंग करावी.

ध्वजावर कुठलंही लिखाण चालत नाही. शुभेच्छांच्या जाहिरातीत तिरंग्यावरच 'समस्त ग्रामस्थांना हार्दिक शुभेच्छा' आणि खाली शुभेच्छुकांची नावं असतात. अशी डिझाइन आली तर परत पाठवावी. मजकूर ध्वजाच्या बाजूला घ्यायला सांगावं.

ध्वजाचं चित्र बटण म्हणून किंवा जाहिरातीची पार्श्वभूमी म्हणून वापरू नये. पेजला तीन रंगांची झाक द्यायची असेल तर रंग वापरा, ध्वज नको. केशरी रंगावर पांढरी अक्षरं उन्हात दिसत नाहीत, तिथे गडद निळी किंवा काळी अक्षरं घ्यावीत.

मराठी अक्षरं नीट दिसली पाहिजेत

जुना मजकूर बऱ्याचदा श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो वेबवर टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं आणि नंतर डोळ्यांनी तपासावं. जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्य' हमखास बिघडतात. तारखांचे आकडेही एकदा मूळ कागदाशी ताडून पाहावेत.

'नोटो सान्स देवनागरी' आणि 'मुक्ता' हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत. पेजच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नमूद करावं. त्यामुळे अंध वाचकांचं वाचन-सॉफ्टवेअर मजकूर मराठीत बोलतं आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात.

गाव शोधण्याचा रकाना ठेवला तर ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ करणारा ठेवावा. लोक 'पिंप्री'ही लिहितात, 'पिंपरी'ही लिहितात. दोन्ही लिहिलं तरी गाव सापडायला हवं. टाइप करायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी तालुका-गाव अशी निवड यादीही द्यावी.

रेंज एक काडी असेल तरी

गूगलच्या मोजमापानुसार पेजचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसला तर वेग चांगला मानतात. वस्तीवर, डोंगराच्या आडोशाला हे साधायचं तर पेज हलकंच हवं.

मोबाईलने काढलेला एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी प्रकारात साठवला तर तो बऱ्याचदा दीडशे-दोनशे केबीत बसतो. असे वीस फोटो म्हणजे केवढा फरक, याचा हिशेब करून पाहावा. खालचे फोटो वाचक तिथे पोहोचल्यावरच उघडावेत. यूट्यूबचे व्हिडिओ थेट न जोडता आधी फक्त चित्र दाखवावं, बोट लावल्यावर व्हिडिओ सुरू व्हावा.

राष्ट्रगीत किंवा भाषणाचा आवाज आपोआप सुरू करू नये. बहुतेक मोबाईल ब्राउझर तो अडवतातच आणि एसटीत बसलेल्या माणसाला ते नकोही असतं. ऐकण्याचं बटण द्यावं.

महत्त्वाचं म्हणजे, नकाशा उघडला नाही तरी माहिती वाचता आली पाहिजे. नकाशाखाली तीच माहिती गावांच्या साध्या यादीत द्यावी. ३६० अंशांचा व्हिडिओ किंवा हलती चित्रं पाहायला छान, पण ज्याचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो त्याच्यासाठी ती यादीच खरं पेज असते.

१५ ऑगस्टला राज्यातलं मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी असतं. शाळा-ग्रामपंचायतीचा कार्यक्रम आटोपला की लोक मोबाईल उघडतात आणि तेव्हाच वेबसाइट झोपते. पेज प्रत्येक वेळी डेटाबेसमधून तयार न होता आधीच तयार करून ठेवलेलं, म्हणजे स्टॅटिक असेल तर हा भार सोसतं.

वाचकांचे फोटो मागवताना

लोक फोटो उत्साहाने पाठवतात, जबाबदारी पेज चालवणाऱ्याची. आलेला फोटो माणसाने पाहिल्याशिवाय थेट प्रसिद्ध होऊ नये. मोबाईलच्या फोटोत ठिकाणाची माहिती दडलेली असते, ती काढून टाकावी. पाठवणाऱ्याचा मोबाईल नंबर पेजवर दिसू देऊ नये.

मुलांच्या बाबतीत जास्त काळजी हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानलं आहे आणि पालकांच्या संमतीची तरतूद आहे. लेझीम पथकाचा सामूहिक फोटो वेगळा आणि एकट्या मुलीचा फोटो, नाव, शाळा, वर्ग असं सगळं एकत्र देणं वेगळं. दुसरा प्रकार टाळावा. प्रश्नमंजुषेसाठी लॉगिन, जन्मतारीख, मोबाईल नंबर काहीच लागत नाही. दहा प्रश्न, उत्तर दिल्यावर दोन ओळींचं स्पष्टीकरण, एवढं पुरे.

स्वातंत्र्यसैनिकांच्या घरातले जुने फोटो वापरताना कुटुंबाची लेखी परवानगी घ्यावी. मूळ फोटो परत द्यावा. छायाचित्रावर साधारणपणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, हेही लक्षात ठेवावं.

वाचकांसाठी एक सूचना. तिरंग्याचं प्रमाणपत्र देतो म्हणून आधार क्रमांक, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागणारी लिंक आली तर ती उघडू नका. फसवणूक झालीच तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करावा.

किती दिवस आधी सुरुवात करायची?

जूनच्या शेवटी शीट तयार करून गावोगावच्या शिक्षकांकडे आणि वार्ताहरांकडे द्यावी. जुलैभर माहिती तपासावी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेज जोडून चार-पाच स्वस्त मोबाईलवर, त्यातही व्हॉट्सअ‍ॅपमधून लिंक उघडून पाहावं, कारण बहुतेक वाचक तिथूनच येणार असतात. १२ ऑगस्टनंतर नवीन काही जोडू नये, फक्त चुका दुरुस्त कराव्यात.

१६ ऑगस्टनंतर काय?

बहुतेक पेजेस इथेच संपतात. पुढच्या वर्षी नवीन लिंक, नवीन डिझाइन, जुनी माहिती गायब. त्याऐवजी लिंक एकच ठेवावी आणि दरवर्षी त्यात भर घालावी. खाली दुरुस्ती कळवण्यासाठी एक फॉर्म आणि शेवटचा बदल कधी झाला त्याची तारीख असावी. मूळ शीटची एक प्रत शाळेत किंवा सार्वजनिक वाचनालयात द्यावी, पेज 'वेबॅक मशीन'वर जतन करावं.

स्वातंत्र्यलढा डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता प्रत्येक तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, काही ठिकाणी एकही नाही. त्यांच्या मुला-नातवंडांना जे आठवतं तेवढंच हाती आहे. ते शीटमध्ये उतरवून तपासून ठेवलं, तर डिझाइन पुढच्या वर्षीही बदलता येतं. राहून गेलेली आठवण मात्र नंतर कोणाला विचारायची, हा प्रश्न उरतो.